कारुसोच्या गावी

नेपल्सला लोक जातात ते व्हेसुव्हियसचा डोंगर पाहायला, नाहीतर त्याच्या राखेखाली शतकानुशतके गाडून पडलेले पॉम्पेई पाहायला. कुणाला काप्री बेटाची होडी गाठायची असते, आणि उरलेल्यांना पिझ्झा खायचा असतो. या चारही पंगतींत न बसणारा एक प्रवासी गेल्या वर्षी मुंबईहून नेपल्सला उतरला. त्याच्या खिशातल्या कागदावर पाच पत्ते होते : एक घर, एक नाट्यगृह, एक हॉटेल, एक चर्च आणि एक दफनभूमी. पाचही पत्ते एकाच माणसाचे. त्या माणसाचे नाव एन्रिको कारुसो, आणि तो प्रवासी म्हणजे अर्थातच प्रस्तुत लेखक.

कारुसो हा ऑपेराचा गायक. ऑपेरा म्हणजे पाश्चात्त्यांचे संगीत नाटक. फरक इतकाच की आपल्या संगीत नाटकात पात्रे अधूनमधून बोलतात, तर तिकडे बहुतेक सारा कारभार गाण्यातूनच चालतो. नायक प्रेमात पडतो तो गात, मत्सराने पेटतो तो गात, आणि पोटात सुरी घुसल्यावरही चांगली पाच मिनिटे गाऊन मग मरतो. पुरुषांच्या आवाजातली जी वरची जात, तिला टेनर म्हणतात आणि नायकाचे काम बहुधा त्याच्याकडे असते. अशा टेनरांत कारुसो सर्वांत मोठा असे मानणारे लोक जगभर आहेत. गिरगावातले माझे मामा त्यांतले एक.

मामा एका कचेरीत कारकून होते. इटालियन भाषेचा एक शब्द त्यांना येत नव्हता. चोरबाजारातून त्यांनी चावीचा एक जुना फोनो आणला, त्याच्याबरोबर दहा-बारा तबकड्या आल्या, आणि त्यांत कारुसोच्या दोन निघाल्या. दर रविवारी सकाळी, अभ्यंगस्नान झाल्यासारख्या प्रसन्न चेहऱ्याने, मामा चावी भरीत, नवी सुई बसवीत आणि आम्हा मुलांना गप्प बसवून त्या लावीत. आधी कढईत फोडणी तडतडावी तशी खरखर, मग त्या खरखरीतून दूर कुठून तरी वर चढत येणारा तो आवाज. चाळीतल्या शेजाऱ्यांना वाटे, कुणाला तरी पोटशूळ उठला आहे. मामा मात्र डोळे मिटून बसत आणि तबकडी संपली की म्हणत, "बघ, शेवटच्या वळणावर रडला. गाणे सोडले नाही, पण रडला." ती तबकडी ‘पालियाच्ची’ या ऑपेरातल्या विदूषकाची होती. बायकोने दगा दिला आहे आणि तरीही तोंडाला रंग फासून लोकांना हसवायला जायचे आहे, अशा माणसाचे ते गाणे. हे कळायला मला पुढे पंधरा वर्षे लागली. मामांना ते शब्दांवाचून कळले होते.

नेपल्सला जाण्याचा बेत घरात सांगितला तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी एक प्रश्न टाकला. "अहो, ज्याला तुम्ही कधी पाहिले नाही, ज्याचे गाणे समोर बसून ऐकलेला एकही माणूस आता उरला नसेल, त्याच्या गावाला जाऊन तुम्हांला भेटणार तरी कोण?" प्रश्न बिनतोड होता. कारुसो १९२१ साली वारला. विजेच्या मायक्रोफोनने ध्वनिमुद्रण करण्याची पद्धत आली ती १९२५ साली. म्हणजे त्याच्या तबकड्यांत मायक्रोफोनने टिपलेला आवाज नाही. आपल्यापाशी आहे ती कर्ण्यातून मेणावर ओरखडलेली सावली. तेव्हा सावलीचा माग काढीत समुद्रापार जाणे शहाणपणाचे कसे? उत्तर सुचले नाही; म्हणून तह केला. तीन दिवस पॉम्पेई-काप्री आणि दोन दिवस कारुसो.

पहिला पत्ता घराचा. पियाझ्झा ओट्टोकाल्ली नावाच्या जुन्या वस्तीजवळची एक अरुंद गल्ली, घर क्रमांक ७. दोन्ही बाजूंना उंच जुनाट इमारती, मधे दोऱ्यांवर वाळत टाकलेले कपडे, आणि खाली रस्त्यालाच दार असलेल्या एकेका खोलीत अख्खे कुटुंब. वरच्या मजल्यावरची म्हातारी दोरीला बांधलेली टोपली खाली सोडते, खालचा पोऱ्या तिच्यात पाव ठेवतो, टोपली वर जाते. गल्लीत सगळे एकाच वेळी आणि एकमेकांवर ओरडून बोलत असतात. भांडण नव्हे, ते संभाषण असते. सौ. म्हणाली, "हे तर आपले गिरगावच की!" घरावर कारुसोच्या नावाची पाटी आहे. तिथे २५ फेब्रुवारी १८७३ रोजी त्याचा जन्म झाला.

बाप मार्चेल्लिनो यंत्रावरचा कामगार. एन्रिको हे एकवीस मुलांतले अठरावे, अशी कथा पुष्कळ वर्षे चालली. पुढे नोंदी तपासणाऱ्यांनी तो सातांतला तिसरा असल्याचे दाखवून दिले. अकराव्या वर्षी त्याला एका यंत्रकाराकडे उमेदवारीला ठेवले. तो यंत्रकार सार्वजनिक पाण्याची कारंजी बनवी. पुढे जगप्रसिद्ध झाल्यावर कारुसो नेपल्सला आला, की आपण हात लावलेले एक कारंजे मित्रांना अभिमानाने दाखवी. पंधरा वर्षांचा असताना आई गेली. चर्चमध्ये आणि रस्त्यावर गाऊन चार पैसे मिळत, तेच शिक्षण. एकदा सिसिलीत नाटकमंडळीने जाहिरातीसाठी त्याचा फोटो मागितला, तर एकुलता एक सदरा धुवायला गेलेला. गड्याने पलंगावरची चादर अंगाभोवती रोमन सरदारासारखी लपेटली आणि ऐटीत फोटो काढून घेतला. तो फोटो आजही पाहायला मिळतो. चेहऱ्यावर लाज औषधालाही नाही.

दुसरा पत्ता सान कार्लो नाट्यगृहाचा. हे नाट्यगृह १७३७ साली उघडले. मिलानचे ला स्काला त्याच्यापेक्षा एकेचाळीस वर्षांनी धाकटे. १८१६ साली ते आगीत जळाले आणि वर्षाच्या आत पुन्हा उभे राहिले. आत पाऊल टाकले की लाल मखमल आणि सोनेरी नक्षी यांनी डोळे दिपतात. सहा मजले सज्जे, आणि सज्जांत भिंतीला आरसे. हे आरसे कशाला, असे विचारल्यावर वाटाड्या मुलगी हसून म्हणाली, "राजा टाळी वाजवतो की नाही, ते त्यांत पाहून मग लोक टाळी वाजवीत."

याच रंगमंचावर ३० डिसेंबर १९०१ रोजी कारुसो पहिल्यांदा गायला. दोनिझेत्तीचा ‘लेलिझिर दामोरे’ हा हलकाफुलका ऑपेरा होता. त्याच वर्षी ला स्कालात, तोस्कानिनीसारख्या कडक दिग्दर्शकाच्या हाताखाली, त्याने याच ऑपेरातल्या गाण्याला वन्समोअर घेतला होता. आता स्वतःच्या गावात, स्वतःच्या माणसांसमोर गायचे. पण नेपल्सच्या पुढच्या रांगांत रसिकाग्रणींचा एक कंपू बसे. नव्या गायकाने आधी त्यांच्या घरी जाऊन आशीर्वाद घ्यावा, असा रिवाज. कारुसो गेला नाही, असे त्याचे चरित्रकार सांगतात. त्याला अंडी-टोमॅटो मारले, वगैरे गोष्टी तिखटमीठ लावलेल्या आहेत. टाळ्याही पडल्या होत्या. पण ज्या टाळ्यांची तो वाट पाहत होता त्या पडल्या नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात टीकाकाराने दोष काढले. ठरलेले प्रयोग त्याने पुरे केले, आणि मग प्रतिज्ञा केली : या गावात पुन्हा गाणार नाही, येईन तो फक्त शेवया खायला.

ती प्रतिज्ञा त्याने मरेपर्यंत पाळली. परक्याने केलेला अपमान माणूस विसरतो. गल्लीतल्याने केलेला विसरत नाही. आपल्याकडेही मुंबई-पुणे जिंकून आलेल्या गवयाला गावच्या देवळात "अरे, हा तर आपल्या अमक्याचा पोर" म्हणून निम्म्या कानाने ऐकतात. त्याची कळ ज्याला कळते त्याला कारुसोचे मन समजावून सांगायला नको.

आता घटनांचा क्रम पाहा. सान कार्लोनंतर पुरते चार महिनेही झाले नाहीत, तोच ११ एप्रिल १९०२ रोजी मिलानच्या ग्रँड हॉटेलच्या एका खोलीत, जिथे आदल्याच वर्षी थोर संगीतकार व्हर्डी वारला होता त्याच हॉटेलात, ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग यंत्र मांडून बसला. कारुसोने दहा गाण्यांचे शंभर पौंड मागितले. हे फार आहेत, मुद्रण करू नये, अशी लंडनहून तार आली. ती आपण बाजूला ठेवली, असे गाइसबर्गने आपल्या आठवणींत सांगितले आहे. कारुसो आला, कर्ण्यात तोंड घालून पियानोच्या साथीवर दहा गाणी गायला आणि पैसे घेऊन जेवायला गेला. कर्ण्याची तऱ्हाच अशी, की बारीक आवाज त्यात बुडत. व्हायोलिनसुद्धा उमटेना, म्हणून पुढे व्हायोलिनलाही कर्णे बसवले. पण कारुसोचा गच्च, गोल, तांब्याच्या घंगाळासारखा घुमणारा आवाज त्या यंत्राला असा मानवला, की जणू ते त्याच्यासाठीच केले होते. त्या दुपारपर्यंत ग्रामोफोन हे अनेकांच्या लेखी खेळणे होते. त्यानंतर मोठमोठे गायक कर्ण्यासमोर रांगेने उभे राहू लागले.

आणि इथे आपल्या घरचा एक धागा येऊन मिळतो. हाच गाइसबर्ग त्याच वर्षी बोटीने हिंदुस्थानात आला, आणि नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्याला त्याने गौहरजानचे गाणे मुद्रित केले. गाणे संपल्यावर ती इंग्रजीत आपले नाव सांगते, हे जुन्या तबकड्यांच्या शौकिनांना ठाऊक आहेच. जर्मनीतल्या कारखान्यात तबकडी कुणाची ते कळावे म्हणून ती सोय होती. गौहरजानचा जन्मही १८७३ चाच. एकाच साली जन्मलेले दोन गळे, एक नेपल्सच्या गल्लीतला, एक आझमगढचा. सात महिन्यांच्या अंतराने एकाच माणसाच्या कर्ण्यात उतरले. मामांच्या फोनोवर दोघेही वाजत. हे नाते ठाऊक नसतानाच मामांनी त्यांना एका पेटीत शेजारी ठेवले होते.

पुढची कथा यशाची. नोव्हेंबर १९०३ मध्ये तो न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात पहिल्यांदा उभा राहिला आणि तिथे आठशेहून अधिक वेळा गायला. तबकड्या सुमारे अडीचशे. पैसा अमाप आणि खर्चही तसाच. मित्रांची व्यंगचित्रे काढण्याचा नाद, आणि ती न्यूयॉर्कच्या एका इटालियन पत्रात छापून येत. मन किती मोठे, याची एक गोष्ट सांगतो. १९१३ साली फिलाडेल्फियात ‘ला बोएम’चा प्रयोग चालू असताना सहगायक सेगुरोला याचा आवाज बसला. त्याचे कोटाला निरोप देणारे खर्जातले गाणे यायचे होते. कारुसोने त्याला गप्प उभे केले, आणि प्रेक्षकांकडे पाठ करून ते गाणे त्याच्यावतीने स्वतः म्हटले. टेनरने खर्जातल्या गायकाचे गाणे म्हणणे म्हणजे नायिकेने थेरड्या दिवाणजीचे काम निभावून नेणे! पुढे १९१६ साली त्याची तबकडीही झाली.

न्यूयॉर्कमध्ये पोट भरायला गेलेले हजारो नेपल्सवासी होते. त्यांच्यासाठी तो आपल्या बोलीतली गाणी तबकडीवर गाई. ‘कोरे न्ग्राटो’, म्हणजे कृतघ्न हृदय, हे आज नेपल्सचे अस्सल गाणे समजले जाते. ते रचले गेले अमेरिकेत, आणि १९११ साली कारुसोने ते मुद्रित केले. ज्या गावासाठी तोंड उघडायचे नाही असे ठरवले, त्याच गावाच्या बोलीत तो कर्ण्यात गळा मोकळा करीत होता. माणसाची प्रतिज्ञा गळ्यापर्यंत पोचतेच असे नाही.

कागदावर नसलेला सहावा पत्ता त्या वाटाड्या मुलीनेच दिला. सान कार्लोला लागून जो राजवाडा आहे, त्याच्या एका दालनात २०२३ साली, जन्माला दीडशे वर्षे झाली तेव्हा, कारुसोचे संग्रहालय उघडले आहे. ज्या नाट्यगृहावर रुसून तो गेला, त्याच्या भिंतीपलीकडेच. ग्रामोफोन, छायाचित्रे, त्याच्या वस्तू, आणि दालनभर त्याचा आवाज. सौ. बराच वेळ ऐकत उभी होती. मग तिने त्या मुलीला आपल्या नेहमीच्या सरळपणाने विचारले, "तो पुन्हा या गावात गायलाच नाही ना? मग तुम्ही त्याला आपला कसा म्हणता?"

मुलगी म्हणाली, "आमच्या घरी पणजोबांपासून त्याच्या तबकड्या आहेत. आम्ही सगळ्यांनी त्याला तिथेच ऐकला."

मी चमकलो. इतकी वर्षे माझी समजूत अशी, की नेपल्सच्या लोकांनी खरा कारुसो ऐकला आणि आम्हा गिरगावकरांच्या वाट्याला खरखरीतली सावली आली. पण १९०२ नंतर नेपल्सलाही तो नाट्यगृहात मिळाला नाही. त्या गल्लीतल्या माणसांनी, टोपली सोडणाऱ्या म्हाताऱ्यांनी, त्याला निम्म्या कानाने ऐकणाऱ्या त्या रसिकाग्रणींनीसुद्धा, त्यानंतर त्याचा आवाज ऐकला तो कर्ण्यातूनच. चावी भरून, सुई बदलून, फोडणीची खरखर सोसून. मामा आणि नेपल्स एकाच रांगेत बसले होते. मधे फक्त समुद्र होता.

चौथ्या दिवशी समुद्रकाठच्या व्हेसुव्हिओ हॉटेलसमोर उभे राहिलो. समोर पाण्यात जुना किल्ला, उजेडात न्हालेला उपसागर, आणि पलीकडे तो दुहेरी शिखराचा डोंगर. डिसेंबर १९२० मध्ये ब्रुकलिनला गाता गाता कारुसोच्या तोंडातून रक्त आले. रुमालामागून रुमाल भरले आणि अखेर प्रयोग थांबवावा लागला. तरी नाताळच्या आदल्या रात्रीपर्यंत तो गातच राहिला. ती रात्र शेवटची. छातीत पू झाला होता; शस्त्रक्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या. थोडे बरे वाटताच बायको आणि दीड वर्षाची मुलगी यांना घेऊन तो १९२१ च्या उन्हाळ्यात नेपल्सला आला आणि उपसागरापलीकडे सोरेन्तोला राहिला. दुखणे उलटले. शस्त्रक्रियेसाठी रोमला नेताना वाटेत या हॉटेलात उतरवले, आणि २ ऑगस्टच्या सकाळी, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, तो गेला. जग फिरून शेवटचा श्वास घेतला तो जन्मगावीच. राजाने सान फ्रांचेस्को दि पाओला हे राजघराण्याचे चर्च त्याच्या अंत्यविधीसाठी उघडून दिले, आणि सारे नेपल्स रस्त्यावर लोटले. आता टाळी वाजवायला आरशात पाहण्याची गरज कुणाला उरली नव्हती.

शेवटचा पत्ता सांता मारिया देल पियांतोच्या दफनभूमीचा. इटलीचा लाडका विनोदी नट तोतो हाही तिथेच निजला आहे. कारुसोचा देह मसाला भरून काही वर्षे काचेच्या पेटीत लोकांना पाहायला ठेवला होता. पुढे पत्नीने आग्रह धरून ते दर्शन बंद करविले. बरे केले. त्याचे पाहण्यासारखे काही नव्हतेच. जे होते ते ऐकण्यासारखे.

त्या समाधीपाशी मला आठवण झाली ती भास्करबुवा बखल्यांची. कारुसोच्या पाठोपाठ, १९२२ साली बुवा गेले. वयानेही दोघे बरोबरीचे. ज्यांनी बुवांना ऐकले ते शेवटपर्यंत डोळ्यांत पाणी आणून सांगत. पण त्यांच्या गाण्याची एक तबकडी आपल्यापाशी नाही. बालगंधर्व, मास्टर कृष्णराव अशा शिष्यांच्या गळ्यातून त्यांचा अंदाज बांधायचा. खरखर का होईना, तीन मिनिटांची का होईना, बुवांची एक सावली मिळाली असती, तर आपण तिच्यासाठी कुठल्या गावी गेलो नसतो?

विमानात बसल्यावर सौ. म्हणाली, "मामांच्या त्या तबकड्या कुठे आहेत हो?" म्हटले, माळ्यावर, ट्रंकेत. "दिवाळीच्या साफसफाईत काढू या. नातवंडांना बसवून एकदा लावा," ती म्हणाली, "पण मी सांगितल्याशिवाय गोष्ट सांगू नका. आधी नुसते ऐकू दे त्यांना."

चावीची कमान दुरुस्त करणारा कारागीर मी सध्या शोधतो आहे. वाचकांपैकी कुणाला ठाऊक असल्यास कळवण्याची कृपा करावी.